अवकाश कचरा आणि लोकसहभाग : पुणे

अवकाश कचरा म्हणजे पृथ्वीभोवतीच्या कक्षांत फिरणाऱ्या, परंतु उपयोग संपलेल्या मानवनिर्मित वस्तू. निकामी उपग्रह, अग्निबाणांचे रिकामे टप्पे, स्फोटांत व टकरींत उडालेले तुकडे, रंगाचे पापुद्रे हे सर्व त्यात येते. उल्का व अशनी येत नाहीत. यूरोपीय अवकाश संस्थेच्या अंदाजानुसार १ सेंमी.हून मोठे तुकडे १२ लाखांहून अधिक आहेत. खालच्या कक्षांतील त्यांचा वेग सेकंदाला सु. ७.५ किमी. असतो, म्हणजे पुणे-मुंबई अंतर वीस-एकवीस सेकंदांत.

मराठीत ‘अवकाश कचरा’, ‘अंतराळ कचरा’ व ‘कक्षीय अवशेष’ या तिन्ही संज्ञा आढळतात. शेवटची सर्वांत काटेकोर, पण रूढ झाली नाही. वृत्तपत्रांतील ‘भंगार’ हा शब्द मात्र दिशाभूल करणारा आहे. भंगार विकता येते. १९६७ च्या बाह्य अवकाश करारातील आठव्या कलमानुसार अवकाशात सोडलेल्या वस्तूची व तिच्या भागांची मालकी ती पृथ्वीवर परतल्यानंतरही बदलत नाही. शेतात पडलेला तुकडा जुन्या बाजारात नेता येत नाही.

टकरींतून तुकडे व तुकड्यांतून पुन्हा टकरी या साखळीला ‘केसलर लक्षणसमूह’ म्हणतात. तिचे मूळ नासाचे शास्त्रज्ञ डोनाल्ड केसलर व बर्टन कूर-पॅले यांच्या १९७८ च्या शोधनिबंधात सांगितले जाते. कल्पनेपुरते हे बरोबर आहे, परंतु निबंधात ही संज्ञा नाही. ती अमेरिकी हवाई संरक्षण यंत्रणेतील जॉन गॅबर्ड यांनी एका वार्ताहराशी बोलताना वापरली, असे खुद्द केसलर यांनी नंतर लिहिले आहे व तेच ग्राह्य धरणे योग्य. ही साखळी काही तासांत पेटते अशी समजूत आहे. मूळ मांडणी दशकांच्या कालावधीची आहे.

भारताचा या कचऱ्यातील वाटा मुख्यतः दोन घटनांशी जोडला जातो. पीएसएलव्ही-सी३ या भारतीय अग्निबाणाचा चौथा टप्पा डिसेंबर २००१ मध्ये कक्षेत फुटला व त्याचे तीनशेहून अधिक तुकडे झाले. यानंतरच्या उड्डाणांत उरलेले इंधन सोडून देऊन टप्पा निष्क्रिय करण्याची पद्धत इस्रोने स्वीकारली. दुसरी घटना २७ मार्च २०१९ ची उपग्रहभेदी चाचणी. तुकडे काही आठवड्यांत खाली येतील, असे परराष्ट्र मंत्रालयाने तेव्हा म्हटले होते. बहुतेक आलेही, पण नोंदलेल्यांपैकी शेवटचा २०२२ मध्ये आला. एप्रिल २०२४ मध्ये, २०३० पर्यंत भारतीय मोहिमा कचरामुक्त करण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले.

महाराष्ट्रात या विषयाची सर्वाधिक चर्चा झाली ती २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी. राज्याच्या मोठ्या भागात पावणेआठच्या सुमारास आकाशातून जळते पट्टे जाताना दिसले. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे सु. ३ मी. व्यासाचे धातूचे कडे पडले. परिसरात गोलाकार टाक्याही सापडल्या. प्रथम उल्कापात, मग न्यूझीलंडहून त्याच दिवशी सुटलेला इलेक्ट्रॉन अग्निबाण, असे तर्क झाले. दुसरा तर्क टिकत नाही, कारण इलेक्ट्रॉनचा व्यासच १.२ मी. आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी चांग झेंग-३बी अग्निबाणाचा तिसरा टप्पा, हे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅक्डॉवेल यांचे मत कक्षेच्या दिशेशी जुळते. या टप्प्याचा व्यास ३ मी. असल्याने कड्याचे मापही बसते. लोकांनी भ्रमणध्वनीवर टिपलेली दृश्ये, त्यांतील वेळ व दिशा यांचे मोल अशा ओळखीत मोठे असते.

पुण्यात या विषयाचे धागे विखुरलेले आहेत. ज्योतिर्विद्या परिसंस्था (स्थापना १९४४) ही देशातील हौशी आकाशनिरीक्षकांची सर्वांत जुनी संस्था. आयुका ही खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठीय संस्था (स्थापना १९८८) संशोधनाबरोबर शालेय मुलांसाठीही काम करते. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या (सीओईपी) विद्यार्थ्यांनी घडवलेला ‘स्वयम्’ हा सु. १ किलोचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ मधून सु. ५०० किमी. उंचीवर गेला. त्यात कक्षा बदलणारे इंजिन नव्हते. अशा उपग्रहाला बाजूला होऊन टक्कर टाळता येत नाही. विरळ हवेच्या घर्षणाने तो यथावकाश खाली येतो, आणि सूर्य किती सक्रिय आहे यावर तो काळ ठरतो. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात पीएसएलव्हीच्या घन इंधन टप्प्यांची आवरणे बनतात. पहिला टप्पा समुद्रात पडतो, कक्षेत जातच नाही. नारायणगावजवळील खोडद परिसरात महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) आहे. तिच्या दृष्टीने अडचण चालू उपग्रहांच्या रेडिओ संदेशांची, मृत कचऱ्याची नव्हे. बोलण्यात दोन्हींची सर्रास गल्लत होते.

धोरणातील लोकसहभाग या शब्दाने दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात : विज्ञानप्रसार आणि निर्णयप्रक्रियेत मत. पहिली पुण्यात भरपूर आहे. दुसरीलाच सहभाग म्हणणे अधिक युक्त. कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा, असे केंद्राचे २०१४ चे विधिपूर्व विचारविनिमय धोरण सांगते. अवकाश उपक्रम विधेयकाचा मसुदा नोव्हेंबर २०१७ मध्ये याच रीतीने सूचनांसाठी खुला झाला, पण कायदा झाला नाही. २०२३ चे भारतीय अवकाश धोरण हा कायदा नसून धोरण आहे. तुलनेसाठी, यूरोपीय अवकाश संस्थेने १० सप्टेंबर २०१६ रोजी २२ सदस्य देशांत एकाच दिवशी नागरिकांच्या चर्चा घेतल्या होत्या.

नुकसानभरपाईतही नागरिकाला थेट उभे राहता येत नाही. १९७२ च्या दायित्व करारानुसार जमिनीवरील हानीबद्दल प्रक्षेपक राष्ट्र दोष सिद्ध न होताही जबाबदार असते. मात्र मागणी राष्ट्राने राष्ट्राकडे करायची असते. कॉसमॉस ९५४ हा अणुभट्टीयुक्त सोव्हिएट उपग्रह १९७८ मध्ये कॅनडात कोसळला, तेव्हा सु. ६० लाख कॅनेडियन डॉलरची मागणी झाली व १९८१ मध्ये ३० लाखांवर तडजोड झाली. मागणीची मुदत हानी झाल्यापासून किंवा जबाबदार राष्ट्राची ओळख पटल्यापासून एक वर्ष आहे. लाडबोरीत कोणी जखमी झाले नाही.