‘पद्मश्री’ ही पदवी नव्हे

चौकातल्या फ्लेक्सवर, सत्काराच्या पत्रिकेवर नावाआधी ‘पद्मश्री’ हमखास दिसतं, ‘डॉक्टर’ लावावं तसं. पण ती पदवी नाहीच. लष्करी आणि शैक्षणिक सोडून बाकी पदव्या राज्यघटनेच्या कलम १८ ने कधीच रद्द केल्या. पद्म हा १९५४ पासूनचा पुरस्कार आहे आणि तो नावाच्या मागे-पुढे लावता येत नाही. लावल्यास काढूनही घेतला जाऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच बजावलंय. यात सत्कारमूर्तींपेक्षा कार्यकर्त्यांची हौसच जास्त, म्हणा! आणि हो, पद्मश्रीसोबत रोख रक्कम किंवा रेल्वे-विमानाची सवलतही मिळत नाही. मिळते राष्ट्रपतींच्या सहीची सनद, पदक आणि समारंभात लावायला त्या पदकाची छोटी प्रतिकृती.