कड्याच्या वाटेला साडेसहालाच का निघायचे?

तळ्याकाठी आमच्या तंबूत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी कड्यावर जाणाऱ्यांसाठी हे माहितीपत्रक. फोनवर आणि तळावर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच लिहून काढले. मुक्कामाच्या संध्याकाळी वाचा. वाटेत वाचून फारसा उपयोग नाही.

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीच्या पुढची ही वाट जाऊन-येऊन 20 किलोमीटर आहे, चढ सगळा मिळून 450 मीटरच्या आसपास. आकडा ऐकून बेळगावची मंडळी म्हणतात, "एवढंच होय? आम्ही दर रविवारी राजहंसगडावर असतो." असता, मान्य आहे, पण तिथे गाडी वरपर्यंत जाते. इथे तळ सोडला की गाडीरस्ता नाही, दुकान नाही आणि अर्ध्या वाटेनंतर फोनला रेंजही नाही.

वेळेचा हिशेब कसा करायचा यासाठी विल्यम नैस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 सालचा ठोकताळा अजूनही वापरतात: सपाटीवर तासाला सुमारे 5 किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाला एक तास जादा. त्या हिशेबाने आमची वाट पावणेपाच तासांत व्हायला हवी. पण तो हिशेब सराव असलेल्या माणसाचा, न थांबता चालण्याचा आणि थंड हवेतला. आपल्याकडे गटात कुणाचे तरी गुडघे बोलतात, कुणाचा बूट चावतो, आणि फोटोला तर प्रत्येक वळण चालते. आम्ही जेवण-विश्रांतीसकट नऊ तास धरतो. साडेसहाला निघालेला गट पावणेअकराच्या सुमारास कड्यावर पोचतो आणि साडेतीनला परत तळ्यावर चहा पितो.

आता खरे दुखणे. गट साडेसहाला निघत नाहीत, आठला निघतात. उशिरा उठतात असेही नाही. सहालाच सगळे तळ्याच्या काठावर उभे असतात, कारण थंडीच्या दिवसांत पाण्यावरून धुके उठते आणि ते खरोखरच बघण्यासारखे असते. मग फोटो. मग स्वच्छतागृहापुढे रांग. मग लक्षात येते की बाटल्या रिकाम्या आहेत, आणि पिण्याच्या पाण्याचा नळ एकच आहे. नळाखाली एकेक बाटली धरायची, झाकण कुठे गेले म्हणून शोधायचे, तोवर मागचा माणूस पिशवी उघडून टोपी शोधतोय. इतक्यात कुणीतरी म्हणतेच, "पोहे खाऊनच जाऊया की वो, रिकाम्या पोटी कसं चालायचं?" पोह्यांना पाऊण तास. सकाळचा गेलेला दीड तास वाटेत भरून काढू, असे सगळ्यांना वाटते. तो भरून निघत नाही, उलट वाढतो.

वाटेचा पहिला निम्मा भाग झाडीतून आहे, सावलीचा. नंतर सडा लागतो: जांभ्याचा उघडा कातळ, वर झाड नाही. सकाळी त्यावरून चालायला मजा येते. दुपारी बारानंतर तोच कातळ खालून तापतो, पाणी दुप्पट लागते आणि पाय जड होतात. म्हणजे उशिरा निघालेला गट सड्यावर नेमका वाईट वेळी असतो आणि येतानाही रखडतो. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, आणि झाडीत त्याच्या आधीच अंधारते. या पट्ट्यात गवा आहे, अस्वल आहे. अस्वल संध्याकाळी खायला बाहेर पडते आणि वळणावर माणूस अचानक समोर आला तर ते बिथरते. साडेसहाच्याही आधी, अंधारात, आम्ही नेत नाही त्याचे कारणही हेच.

म्हणून आमचा नियम: साडेअकराला गट जिथे असेल तिथून मागे. आठला निघालेल्यांना त्या वेळी कडा समोर दिसत असतो, पाऊण तासावर, आणि तिथेच वाद होतो. पैसे भरले आहेत, एवढ्या लांबून आलोय, हे सगळे आम्हाला समजते. तरी वाटाड्या वळतो. त्याच्याशी हुज्जत घालू नका; तो आमच्याच सांगण्याने वागतो. जास्तीचे पैसे देऊ केले तरी तो पुढे जाणार नाही.

उपाय सगळा आदल्या रात्रीचा आहे. माणशी तीन लिटर पाणी जेवणानंतर भरून तंबूत ठेवा. वाटेतल्या झऱ्यावर विसंबू नका, फेब्रुवारीत तो आटतो. पिशवी भरून, बूट दाराशी ठेवून झोपा. सव्वासहाला चहा आणि गोकाकचे करदंट (गूळ-सुकामेव्याची वडी) मिळेल, चढायला तेवढे पुरते. पोहे, भाकरी, ठेचा, उसळ असे सगळे डब्यात बांधून देतो; न्याहरी झाडी संपायच्या आधी सावलीत. बेळगावहून कुंदा आणलात तर तो तळावरच संपवा, उन्हात टिकत नाही. धुक्याचे फोटो हवे असतील तर एक रात्र जास्त राहा. दुसऱ्या रात्रीला आम्ही दर कमी लावतो.

कड्यावर वेळेत पोचलात तर पश्चिमेला म्हादईचे खोरे आणि पुढे गोव्याचे रान दिसते; ऊन चढले की सगळे धुरकट होते. तुम्ही उभे असता तो पाणलोटाचा माथा. मागे पडलेला पाऊस मलप्रभेतून कूडलसंगमाला कृष्णेत जातो आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतो. समोर पडलेला म्हादईतून पणजीजवळ अरबी समुद्राला. मलप्रभेचा उगम पाहायचा असेल तर परतीच्या दिवशी कणकुंबीला माउलीच्या देवळात जाऊन या.

एकटे-दुकटे, मोबाइलवरच्या नकाशावरून जाता येईल का, असेही विचारतात. सड्यावर गुरांच्या वाटा इतक्या आहेत की नकाशातली रेघ आणि पायाखालची वाट जुळत नाही. शिवाय रान वनखात्याचे आहे, परवानगी लागते. ती आम्ही काढतो, गार्डशी कन्नडमध्ये बोलायचे कामही आमचेच. त्यासाठी सगळ्यांची नावे आणि आधारची प्रत चार दिवस आधी पाठवा. ऐनवेळी वाढलेल्या पाहुण्याला तळावर जेवण मिळेल, कड्यावर जाता येणार नाही.

पावसाळ्यात ही वाट बंद असते. चांगले दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पुण्याहून-कोल्हापुरातून येणाऱ्यांनी शनिवारी रात्री आठच्या आत पोचावे, आणि सकाळी गाडीने येऊन थेट निघायचा बेत असेल तर आम्हाला आधी सांगावे. त्यांच्यासाठी तळ्याला वळसा घालून टेकडीवर जाणारी तीन तासांची वाट आहे, दर निम्मा, पोहे खाऊन निघाले तरी चालते.