कायनेसिन आनंद वाहत नाही

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ती चित्रफीत परवा पुन्हा आली. दोन पायांचं एक ध्यान भलंमोठं गाठोडं घेऊन दोरखंडावरून ठुमकत चाललंय, आणि खाली मजकूर: ‘एंडॉर्फिन तुमच्या मेंदूत आनंद घेऊन चाललंय. सकारात्मक राहा!’ साफ चूक. हे २००६ साली हार्वर्ड विद्यापीठासाठी केलेलं ॲनिमेशन आहे. ते ध्यान म्हणजे कायनेसिन नावाचं प्रथिन, दोरखंड म्हणजे पेशीतली सूक्ष्मनलिका, गाठोडं म्हणजे मेदाच्या पडद्याची पिशवी. आनंदबिनंद काही नाही.

कण्यापासून पायाच्या बोटाकडे जाणारा चेतातंतू जवळपास मीटरभर लांब असतो. माल बनतो मुख्यतः कण्याकडे. पिशवी नुसती तरंगत निघाली, तर पोचायला हजारो वर्षं लागतील. म्हणून कायनेसिन हा हमाल. १९८५ साली व्हेल, रीझ आणि शीट्झ या शास्त्रज्ञांना तो म्हाकुळाच्या जाडजूड चेतातंतूचा अभ्यास करताना सापडला.

त्याचं पाऊल ८ नॅनोमीटरचं, सेकंदाला साधारण शंभर पावलं, आणि दर पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च. आता नीट बघा. एक पाय नलिकेला चिकटलेला, दुसरा मागे लोंबकळतोय. चिकटलेल्या पायात एटीपी बसला की त्याच्या मानेची सैल पट्टी चेन लावल्यासारखी पुढच्या बाजूला बसते आणि मागचा पाय पुढे फेकला जातो. तो स्वतः १६ नॅनोमीटर जातो, म्हणून धड ८ सरकतं. पण तो नेमका जागेवर पडत नाही! आजूबाजूचे पाण्याचे रेणू त्याला सतत धक्के देत असतात; भर पावसात डोक्यावर भारा घेऊन निसरड्या बांधावर पाय चाचपावा, तसा तो चाचपत राहतो. जागा सापडली की आपल्यातला एडीपी (एटीपी फुटून फॉस्फेट सुटल्यावर उरलेला भाग) टाकतो आणि घट्ट चिकटतो. तोवर मागे पडलेल्या पायातला एटीपी फुटतो, फॉस्फेट निघून जातं, पकड सुटते. दोन्ही पाय एकदम सुटले तर हमाल वाहून जाईल, म्हणून एकाची पकड दुसऱ्याच्या ताणावर ठरते. (हा परिच्छेद मलाही दोनदा वाचावा लागला होता.) ॲनिमेशनमधली ऐटबाज चाल म्हणजे या धक्काबुक्कीला केलेली इस्त्री.

परतीचा माल डायनीन नावाचं दुसरं प्रथिन ओढतं. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) शास्त्रज्ञ रूप मल्लिक यांच्या गटाने प्रकाशाच्या चिमट्याने, म्हणजे लेसरच्या झोतात सूक्ष्म कण पकडून, त्याचा जोर मोजला. एकटं डायनीन कायनेसिनपुढे दुबळं, पण टोळीने ओढायचं म्हटलं की तेच सरस.