लढाई कशासाठी? १९३९ ते १९४५चा खानदेश आणि बदलत गेलेली सरकारी उत्तरं

नंदुरबारला ‘चले जाव’च्या मिरवणुकीवर पोलिसांनी केलेल्या गोळीबाराची तारीख, ९ सप्टेंबर १९४२, खानदेशात शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. त्याआधी बरोबर एक वर्ष, ९ सप्टेंबर १९४१ला, चर्चिल लंडनच्या पार्लमेंटात जे बोलले ते मात्र फारसं सांगितलं जात नाही. आपलं सरकार आपण निवडायचा हक्क सगळ्या लोकांना आहे, असं महिनाभरापूर्वीच्या अटलांटिक सनदेत, म्हणजे ब्रिटन-अमेरिकेच्या संयुक्त जाहीरनाम्यात, म्हटलं होतं. चर्चिलनी खुलासा केला की हे मुख्यतः नाझींच्या टाचेखालच्या युरोपीय देशांबद्दल आहे. म्हणजे लढाई स्वातंत्र्यासाठी, पण हिंदुस्थानच्या नव्हे.

सप्टेंबर १९३९मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगोंनी इथल्या कुणालाही न विचारता देश युद्धात उतरवला. साम्राज्याच्या लढाईत हिंदी माणसं आणि साधनं वापरू देऊ नयेत, असं काँग्रेसने १९३६ला खानदेशातल्याच फैजपूरच्या अधिवेशनात ठरवलं होतं.

सरकारी प्रचार कसा पलटत गेला, हे खानदेशी शेतकऱ्याला सभेपेक्षा कापसाच्या गाठीत आधी दिसलं. इथल्या आखूड धाग्याच्या कापसाचं मोठं गिऱ्हाईक जपान. १९४१च्या जुलैत जपानशी व्यवहार गोठले आणि हा कापूस घ्यायला कुणी उरलं नाही. ज्या पिकावर जिन-प्रेस, म्हणजे सरकी काढायचे आणि गाठी बांधायचे कारखाने, उभे राहिले, सारा भरला गेला, तेच आता नकोसं झालं. १९४२ला रंगून पडलं, ब्रह्मदेशचा तांदूळ थांबला, तशी सरकारी हाक आली : ‘अधिक धान्य पिकवा’. कापूस कमी करून ज्वारी-बाजरी पेरणं हे आता देशकार्य ठरलं. धान्याची निकड खरीच होती, हे मान्य केलं पाहिजे. पण गिऱ्हाईक गेलं म्हणून शेतकरी बुडाला, ही गोष्ट त्या हाकेखाली झाकली गेली.

सोयीप्रमाणे प्रचार बदलणं हे फक्त इंग्रजांचंच नव्हतं. ऑगस्ट १९३९मध्ये जर्मनीशी झालेल्या करारानंतर सोव्हिएत सरकारने नाझींविरुद्धचा प्रचार बंद केला होता. जून १९४१ला जर्मनीचा हल्ला होताच तो पुन्हा सुरू झाला.

नंदुरबारच्या मिरवणुकीत ‘नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमि भारतनुं’ अशी गुजराती घोषणा होती. पंधरा वर्षांच्या शिरीषकुमारसह पाच जण गेले. पुढे फेब्रुवारी १९४३मध्ये सरकारने पुस्तिकाच काढली आणि ४२च्या सगळ्या उद्रेकाचं खापर काँग्रेसवर फोडलं. गोळी चालवणाऱ्यांनीच दोष कुणाचा ते लिहून छापलं, हे मला त्या काळातलं सर्वांत संतापजनक पान वाटतं. आझाद हिंद फौजेच्या बातम्याही तेव्हा दाबलेल्या होत्या.

जर्मनी पडल्यावर सूर पुन्हा बदलला. जून १९४५मध्ये त्याच काँग्रेस नेत्यांना तुरुंगातून सोडून सिमल्याला बोलणी करायला बोलावलं. शिरीषकुमार असता तर तेव्हा अठरा वर्षांचा असता.