समस्थानिक जलविज्ञान, उष्णकटिबंधीय पर्वतांतील

पाण्याच्या काही रेणूंत नेहमीच्या हायड्रोजनच्या जागी त्याचे जड रूप ड्यूटेरियम किंवा ऑक्सिजन-१६ च्या जागी त्याहून जड ऑक्सिजन-१८ असतो. एकाच मूलद्रव्याच्या अशा कमी-अधिक वजनाच्या अणूंना समस्थानिक म्हणतात. दहा लाख ऑक्सिजन अणूंत ऑक्सिजन-१८ चे सुमारे २,०००, तर दहा लाख हायड्रोजन अणूंत ड्यूटेरियमचे सुमारे १५६ अणू आढळतात. हे जड रेणू वाफ होताना मागे राहतात आणि ढगात थेंब बनताना पुढे असतात. त्यांचे प्रमाण मोजून पाऊस, धुके व नदीचे पाणी कुठून आणि केव्हा आले याचा माग काढता येतो. हे प्रमाण समुद्राच्या पाण्याशी ताडून दर हजारी फरकात सांगतात. आकडा जितका उणे, तितके पाणी हलके.

जगभरच्या पर्जन्यजलात ही दोन्ही प्रमाणे जवळपास एकाच सरळ रेषेत बदलतात, हे हार्मन क्रेग यांनी १९६१ मध्ये दाखवले. तळ्यातले वा बाटलीत उघडे राहिलेले पाणी आटू लागले की ते त्या रेषेखाली घसरते. म्हणून पर्जन्यमापकाच्या बाटलीत तेलाचा थर देतात. हे राहून गेले तर पुढे प्रयोगशाळा कितीही चांगली असून उपयोग नाही.

डोंगर चढताना हवा थंडावते, जड रेणू खालच्या उतारांवरच पडून जातात आणि माथ्यावरचा पाऊस हलका होतो. ऑक्सिजन-१८ साठी ही घट दर १०० मीटरला ०.२ ते ०.३ दर हजारी असते. उष्ण कटिबंधात मात्र धुवाधार हंगामातला पाऊसही हलकाच असतो. त्यामुळे ओढ्यातले हलके पाणी उंचावरून आले की भर पावसाळ्यातून, हे एका नमुन्यावरून ठरत नाही. वर्षभर पाऊस आणि ओढा दोन्हींचे नमुने घ्यावे लागतात.

पेरूमधील अँडीजच्या पूर्व उतारावरचे कोसन्यिपाता खोरे हे याचे उत्तम उदाहरण. तेथील मेघवनात, म्हणजे सतत ढगांनी वेढलेल्या डोंगरी अरण्यात, झाडे धुके गाळून घेतात. हे पाणी पावसापेक्षा जड असल्याने वेगळे ओळखता येते. वर्षभरात मिळणाऱ्या पाण्यात त्याचा वाटा सुमारे एक दशांश निघाला. कोरड्या महिन्यांत नदी या धुक्यावर जगत असावी असे वाटणे साहजिक आहे. समस्थानिकांनी दाखवले ते वेगळेच: तेव्हाचा प्रवाहही मुख्यतः पावसाळ्यात जमिनीत मुरलेल्या पाण्याचा असतो.

या उतारावर येणारे बाष्प अटलांटिकवरून अॅमेझॉनचे अरण्य ओलांडून येते. वाटेत इतका पाऊस पडूनही ते अपेक्षेइतके हलके होत नाही, कारण झाडे मुळांनी घेतलेले पाणी जड-हलक्यात फारसा फरक न करता हवेत परत सोडतात. एनेयास सालाती व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये याच आधारे अॅमेझॉनच्या पावसाचा निम्म्याच्या आसपास भाग अरण्यातूनच फिरून येतो असे मांडले.

जास्त पाऊस म्हणजे हलके पाणी, हे समीकरणही दिसते तितके सरळ नाही. केरळमधील मोसमी पावसाच्या नमुन्यांवरून २०१४ मध्ये असे आढळले की हलकेपणा त्या ठिकाणच्या पावसाच्या मात्रेपेक्षा विस्तीर्ण प्रदेशावर संघटित झालेल्या मेघसमूहांशी अधिक निगडित असतो. पेरूच्या केल्काया हिमटोपीतील बर्फाचे थर वाचतानाही हाच पेच पडतो: हलका थर थंडीची खूण मानायचा की दूर अॅमेझॉनवर कोसळलेल्या पावसाची, यावर अजून एकमत नाही.