कोलकॅननला मिक्सर लावू नका, प्लीज

कोलकॅनन म्हणजे आयर्लंडचा बटाटा-कोबीचा पदार्थ, सध्या त्याच्या रील्स फिरतायत आणि त्यातल्या काहींत सांगतात की उकडलेले बटाटे सरळ मिक्सरला फिरवा, मस्त क्रीमी होतात. अजिबात होत नाहीत. चिकट, तार सुटणारा गोळा होतो आणि मग कितीही बटर घाला, तो सुधारत नाही.

पदार्थ तसा साधाय. उकडून कुस्करलेला बटाटा, चिरून शिजवलेला कोबी किंवा केल (कोबीच्याच कुळातली पालेभाजी), पातीचा कांदा, गरम दूध, मीठ. वाढताना मधोमध खळगा करून त्यात बटरचा मोठा तुकडा सोडतात. सगळी गंमत बटाट्यात आहे.

बटाट्यात जवळपास ८० टक्के पाणी, उरलेल्यात मुख्य म्हणजे स्टार्च, आणि तो पेशींच्या आत बारीक कणांच्या रूपात भरलेला असतो. पाणी साधारण ६० अंशांच्या पुढे गेलं की हे कण पाणी पिऊन फुगायला लागतात, आणखी तापलं की दोन पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन विरघळायला लागतं. पिठूळ जातीचा बटाटा असेल, आयर्लंडमधला रूस्टर किंवा केर्स पिंक, तर पेशी एकमेकींपासून सुट्या होतात पण बहुतेक फुटत नाहीत, फुगलेला स्टार्च आतच राहतो. हलक्या हाताने कुस्करलेला बटाटा भुसभुशीत लागतो तो यामुळेच, आपण खरं तर अख्ख्या पेशी खात असतो!

मिक्सरचं पातं या पेशी फाडतं. आतला जेल बाहेर येतो, त्यातले अमायलोजचे (स्टार्चच्या दोन प्रकारांपैकी एक) लांब सरळ रेणू पाण्यात मोकळे होतात, एकमेकांत अडकतात आणि त्यांचं जाळं तयार होतं. पोस्टर चिकटवायला मैद्याची खळ करतो ना, तीच ही प्रक्रिया. अमायलोपेक्टिन, म्हणजे स्टार्चचा दुसरा प्रकार, फांद्याफांद्यांचं असतं, ते इतक्या पटकन असं जाळं धरत नाही, पण बटाट्याच्या स्टार्चमध्ये त्याला फॉस्फेटचे गट जोडलेले असतात, ते एकमेकांना दूर ढकलतात म्हणून कण प्रचंड फुगतात आणि फुटले की घट्ट चिकट द्रव होतो.

यावर एक उपाय आहे, बटाट्याचे फ्लेक्स बनवणाऱ्या कारखान्यांतही वापरतात. फोडी साधारण ७० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायच्या, पूर्ण गार करायच्या, मग नेहमीसारख्या उकडायच्या. गार होताना अमायलोजचे रेणू पुन्हा शेजारी शेजारी येऊन घट्ट बसतात, याला रेट्रोग्रेडेशन म्हणतात, आणि नंतर उकडताना ते सहज सुटत नाहीत. घरी एवढं नको असेल तर पाणी काढून टाकून बटाटे मंद आचेवर मिनिटभर कोरडे करा आणि मॅशरने कुस्करा, बस.

कोबीचं थोडक्यात सांगते. जास्त उकळला की त्यातली गंधकाची संयुगं मोडतात आणि तो उग्र वास सुटतो, म्हणून भरपूर पाण्यात, झाकण न ठेवता, थोडाच वेळ. रंग हिरवागार राहावा म्हणून सोडा घालू नका, पानं लिबलिबीत होतात आणि क जीवनसत्त्वही जातं.

हॅलोविनला कोलकॅननमध्ये अंगठी आणि नाणं लपवायची तिकडे जुनी प्रथा आहे, अंगठी मिळेल त्याचं लग्न ठरणार म्हणे. खेळ म्हणून ठीक आहे, पण अंगठी कुणाच्या ताटात येते हा निव्वळ योगायोग, आणि लहान मुलांच्या घासात नाणं जाणं धोक्याचं असतं. त्याहून त्रास होतो तो "बटाटा फ्रीजमध्ये ठेवला की शुगर वाढवत नाही" या फॉरवर्डचा. गार केल्यावर थोडा स्टार्च पचायला अवघड होतो हे खरंय, पण थोडाच, बाकीच्याची साखर होतेच. डायबेटिस असलेल्यांनी त्या भरवशावर दोन वाट्या खाऊ नये.

उरलेलं कोलकॅनन दुसऱ्या दिवशी घट्ट होतं तेही रेट्रोग्रेडेशनमुळेच. त्याच्या चपट्या टिक्क्या थापून बटरवर परता, दूध फार पडलं नसेल तर बाइंडिंगला काहीही घालावं लागत नाही.