पार्श्वभूमी : मक्याच्या शेताखालचं अल्टिनम

व्हेनिसच्या खाजणाच्या उत्तर काठावर अल्टिनम हे रोमन शहर होतं. वस्ती हळूहळू बेटांकडे सरकली, तिच्यामागोमाग दगड-विटाही बांधकामाला गेल्या आणि इथे फक्त पाये उरले. पण त्यांवर नवं शहर कधी उभं राहिलं नाही, शेती होत राहिली. एवढं भाग्य फार थोड्या रोमन शहरांना लाभलं.

विमानातल्या कॅमेऱ्याला जमिनीखालचं दिसत नाही, वरचं पीक दिसतं. पायावर मातीचा थर पातळ असतो, मुळांना ओल पुरत नाही, तिथला मका खुरटतो आणि लवकर पिवळा पडतो. बुजलेल्या कालव्यात किंवा खंदकात गाळ खोल असतो, त्यावरचं पीक गर्द हिरवं राहतं. हे आधीपासून माहीत होतं. १९२०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी इंग्लंडमध्ये त्याची शास्त्रशुद्ध पद्धत बसवली. १९५६मध्ये इटलीतल्या पो नदीच्या त्रिभुजप्रदेशातलं स्पिना हे एत्रुस्कनांचं (रोमनांआधीच्या इटलीतल्या लोकांचं) शहर सापडलं तेही विमानातून. त्याची दफनभूमी मात्र १९२२पासून ठाऊक होती.

जुलै २००७मध्ये कडक दुष्काळ होता. पादुआ विद्यापीठाच्या संशोधकांनी अल्टिनमवरच्या मका आणि सोयाबीनच्या शेतांची त्याच वेळी विमानातून घेतलेली छायाचित्रं तपासली, साध्या रंगांबरोबर निकट-अवरक्त, म्हणजे लाल रंगापलीकडच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या किरणांच्या पट्ट्यातलीही. टवटवीत पान हे किरण भरपूर परतवतं, तहानलेलं कमी. लाल आणि अवरक्त पट्ट्यांची तुलना केली की डोळ्याला एकसारखं वाटणारं शेत फिकट-गडद रेघांत फुटतं. फिकट रेघा भिंतींच्या, गडद पट्टा कालव्याचा. तटबंदी, रस्ते, फोरम (शहराचा मुख्य चौक), नाट्यगृह आणि शहर चिरत जाणारा कालवा असा सगळा आराखडा २००९मध्ये प्रसिद्ध झाला.

हाच प्रयोग चांगल्या पावसाच्या वर्षी केला तर हाती फारसं लागत नाही. पाणी पोटभर मिळालं की पायावरचा मकाही शेजाऱ्याइतकाच वाढतो. पाये मुळांच्या आवाक्याखाली असले तर दुष्काळही कामाचा नाही. फसवणारी चिन्हंही पुष्कळ : सरळ रेघ निचऱ्याच्या पाइपाची निघते, नागमोडी पट्टा नदीच्या जुन्या पात्राचा, आणि दोन तुकड्यांत पेरणी मागेपुढे झाली असेल तर बांधच भिंतीसारखा दिसतो. म्हणून एकाच जागेची निरनिराळ्या वर्षांची, निरनिराळ्या पिकांची छायाचित्रं एकमेकांवर ठेवून पाहतात. दरवेळी तिथेच उमटणारी रेघ धरायची. ती कोणत्या शतकातली, हे मात्र उत्खननातच कळतं.